उतारावर उभी केलेली गाडी

मोटार चालते कशी, हे पुष्कळांना ठाऊक असते. ती सुरू कशी होते, हे मात्र ती अडून बसल्याशिवाय कोणी विचारीत नाही. किल्ली फिरवावी, किंवा अलीकडच्या गाडीत नुसती एक गुंडी दाबावी, की इंजिन घुरघुरू लागते आणि आत बसलेली मंडळी डबा कुठे सोडायचा याची चर्चा सुरू करतात. आमच्या वडिलांच्या पिढीचे तसे नव्हते. मोटार सुरू करणे हाच त्यांच्या प्रवासाचा पहिला टप्पा असे, आणि तो पुष्कळदा सर्वांत लांब असे.

आमच्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. त्यांचे उजवे मनगट थोडे बाहेरच्या अंगाला वळलेले होते. जेवताना घास तोंडाशी नेण्याची त्यांची एक वेगळीच तऱ्हा होती. पाहुण्यांना ती नवी वाटे, आम्हा भावंडांना मात्र सर्वांचेच वडील तसे जेवतात असे लहानपणी वाटत असे. ते मनगट मोटारीच्या हँडलने मोडले होते. हा लेख लिहायला बसलो तो त्या मनगटामुळेच. पण त्याची हकीकत सांगण्यापूर्वी मनमाडची आणि मोटारीची थोडी ओळख करून दिली पाहिजे.

मनमाड हे रेल्वेने वसवलेले गाव म्हटले तरी चालेल. १८५३ साली मुंबईहून ठाण्याला आगगाडी गेली, आणि १८६० च्या दशकाच्या आरंभी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग इगतपुरीवरून मनमाडला व पुढे भुसावळकडे सरकला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड हा फाटा सुरू झाला आणि मद्रासकडची व उत्तरेकडची वाहतूक मुंबईला न शिवता येथून जाऊ लागली. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून औरंगाबादवरून येणारी मीटरगेज लाइन मनमाडला टेकली. ब्रॉडगेज आणि मीटरगेज यांची गाठ पडली की तिथे हमाल, तोलार, दलाल आणि चहावाले आलेच. एका डब्यातले पोते पाठीवर घेऊन दुसऱ्या डब्यात टाकायचे, या एकाच कामावर मनमाडमध्ये कित्येक घरे चालली. पुढे १९०६ मध्ये पुलांचे गर्डर बनविणारा रेल्वेचा कारखाना आला. हे सारे गाव कामगारांचे. १९३८ च्या फेब्रुवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची जी परिषद घेतली ती याच गावात.

आगगाडी मनमाडपर्यंत आणून सोडी, पुढचे काय? मालेगावला जायचे, चांदवडला जायचे, येवल्याहून कोपरगाव आणि तिथून शिर्डी गाठायची, तर आधी टांगा किंवा बैलगाडी, आणि नंतर 'सर्व्हिस मोटार'. मुंबईत मोटारी १८९८ साली आल्या, पण आमच्या बाजूच्या सामान्य माणसाने मोटारीत पाय ठेवला तो पहिल्या महायुद्धानंतर. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईस शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला, आणि मग शेव्हरोलेची चासी घेऊन तिच्यावर गावच्या सुताराकडून लाकडी बॉडी चढवायची, ही रीत सर्वत्र पडली. सरहद्दीपलीकडे, निजामाच्या मुलखात, १९३२ साली खुद्द रेल्वेनेच २७ बसगाड्या घेऊन रस्त्यावरची वाहतूक सुरू केली. अलीकडे मात्र ज्याच्याजवळ गाडी तो कंपनी. वेळापत्रक नव्हते. गाडी भरली की सुटे. म्हणजे भरल्यावर सुरू झाली तर सुटे.

आता हे 'सुरू होणे' म्हणजे काय ते पाहू. बैलाला उठवायला शेपटी पिरगाळली तरी पुरते. वाफेच्या इंजिनाला पाणी तापेतो कित्येक तास घालवावे लागत, पण एकदा वाफ धरली की ते शून्यापासून आपल्या आपण हलते. मोटारीच्या इंजिनाचा स्वभाव या दोन्हींहून निराळा. ते फिरत असेल तरच फिरू शकते. दट्ट्याने हवा व पेट्रोलची वाफ आत ओढायची, ती दाबायची, मग ठिणगी पडायची आणि मग कुठे जोर यायचा. म्हणजे पहिले दोन फेरे कोणीतरी परक्याने करून द्यावे लागतात. हा परका म्हणजे सुरुवातीला माणूस होता. गाडीच्या नाकाखालच्या भोकातून वाकडी लोखंडी दांडी घालायची, ती इंजिनाच्या दांड्याला अडकवायची आणि हिसका मारायचा. यालाच आमच्याकडे 'हँडल मारणे' म्हणत, आणि ते काम ड्रायव्हरने क्लीनरवर, आणि क्लीनरने संधी मिळाली तर एखाद्या उत्साही उतारूवर ढकलायचे, असा रिवाज होता.

हँडल मारण्याला जोरापेक्षा अक्कल अधिक लागे. ठिणगी दट्ट्या वर पोहोचण्याआधीच पडली तर इंजिन उलटे फिरते, आणि त्याबरोबर हँडलही. म्हणून मारण्याआधी ठिणगीची वेळ मागे ओढून ठेवायची. हँडल खालून वर ओढायचे, वरून खाली दाबायचे नाही, कारण उलटा झटका आलाच तर ओढणाऱ्याची बोटे उघडतात व सुटतात, दाबणाऱ्याचा मात्र सारा भार हातावर असतो. आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. मुठीसारखा पलीकडून वळवायचा नाही. अण्णा हे आम्हाला पेरू तोडायच्या आकडीवर, बादलीच्या कडीवर, कशावरही समजावून सांगत. "अंगठा इकडे" हे आमच्या घरातले एक सुभाषितच होऊन बसले होते.

या उलट्या झटक्याने जगभर किती मनगटे, किती दात आणि किती जबडे गेले याची मोजदाद नाही. अमेरिकेत एक गोष्ट सांगतात. डेट्रॉइटजवळच्या एका पुलावर थंडीच्या दिवसांत एका बाईंची कॅडिलॅक मोटार बंद पडली. बायरन कार्टर नावाचा, स्वतःच मोटारी बनविणारा गृहस्थ मदतीला धावला. हँडल उलटले, त्याचा जबडा मोडला आणि त्यातून तो दगावला. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लीलँड हे त्याचे स्नेही. आपल्या गाडीने माणूस मारला हे त्यांच्या जिवाला इतके लागले, की हँडलच नाहीसे करण्याचा त्यांनी चंग बांधला. गोष्ट हृद्य आहे, आणि बहुतेक पुस्तकांत ती १९१० ची म्हणून दिलेली असते. पण कार्टर वारला १९०८ च्या एप्रिलात! तेव्हा तारखांत तरी काहीतरी घोटाळा आहे. इतिहासातल्या गोष्टी सांगणाऱ्याच्या तोंडी थोड्या गुळगुळीत होतातच. लीलँड यांनी ते काम चार्ल्स केटरिंग या इंजिनियरकडे सोपविले आणि १९१२ सालच्या कॅडिलॅकवर विजेचा स्टार्टर बसून आला, एवढे मात्र पक्के.

हा केटरिंग मोठा मौजेचा माणूस. त्याच्या आधी विजेच्या मोटरने इंजिन फिरवून पाहण्याचे प्रयत्न झाले नव्हते असे नाही. पण हिशेब करणारे सांगत, की इंजिन फिरवायला लागेल एवढ्या ताकदीची मोटर बसवायची तर ती जवळजवळ इंजिनाएवढीच होईल. केटरिंगने त्यापूर्वी दुकानातल्या गल्ल्यावरच्या नोंदयंत्राला विजेची मोटर बसवली होती. गल्ल्याचा खण उघडायला एक क्षण पुरतो. मग मोटर दिवसभर काम करील इतकी मोठी कशाला हवी? लहान मोटरच घ्यावी, तिच्यावर तिच्या ताकदीबाहेरचा भार टाकावा, आणि ती तापून जळण्याच्या आत काम उरकून घ्यावे. हीच युक्ती त्याने इंजिनाला लावली. इंजिन सुरू व्हायला दोन-तीन सेकंदच तर लागतात! फोर्डच्या मॉडेल टी गाडीवर मात्र हे विजेचे साधन यायला १९१९ साल उजाडले, कारण स्वस्त गाडी घेणाऱ्याचे मनगटही स्वस्त धरले जाते.

आमच्याकडे या साधनाला कोणी स्टार्टर म्हटले नाही. 'सेल्फ' हा शब्द रुजला. सेल्फ लागत नाही, सेल्फ मारू नको, सेल्फ अडकला. इंग्रजीत या शब्दाला काही अर्थ उरत नाही. मराठी ड्रायव्हराला मात्र तो पुरेपूर पटला, कारण हँडल मारायला दुसरा माणूस लागे आणि सेल्फ आपला आपण.

पण सेल्फ आला आणि गाडीच्या पोटात एक नवा परावलंबी आला. तो म्हणजे बॅटरी. शिशाच्या पत्र्यांची ही बॅटरी गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली बनवली, म्हणजे मोटारीच्या जन्माच्याही पंचवीस-सव्वीस वर्षे आधी. गंधकाच्या तेजाबात शिशाचे दोन पत्रे बुडवायचे, आणि त्यांच्यातून वीज आत-बाहेर करायची. तिचा पहिला एक उपयोग रेल्वेतच झाला: स्टेशनात गाडी थांबलेली असताना डब्यातले दिवे लावायला. १८८१ मध्ये कामिय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या भस्माचा लेप द्यायची रीत काढली आणि बॅटरी धंद्याच्या उपयोगाची झाली. आजही बहुतेक गाड्यांतली इंजिन सुरू करणारी बॅटरी कुळाने तीच आहे. एका खणात दोन व्होल्ट, सहा खणांत बारा. एवढ्या वर्षांत विमाने, रेडिओ, संगणक सारे बदलले. हे तेजाबाचे डबडे मात्र आपल्या जागी कायम.

या डबड्याला दोन गोष्टी सोसत नाहीत. एक, उतरलेल्या स्थितीत पडून राहणे; पत्र्यांवर पांढरी बुरशीसारखी पुटे धरतात आणि मग ती कितीही भरली तरी भरत नाही. दुसरी, थंडी. गोठणबिंदूजवळ तिची जोर देण्याची शक्ती सुमारे तिसऱ्या हिश्शाने घटते, आणि त्याच वेळी इंजिनातले तेल काकवीसारखे घट्ट होऊन अधिक जोर मागू लागते. मनमाडची थंडी ज्यांनी अनुभवली नाही त्यांना वाटेल, आपल्याकडे कसली आली गोठणबिंदूची गोष्ट! पण आमच्या शेजारचे निफाड थंडीसाठी नाव काढून आहे. काही हिवाळ्यांत तिथला पारा तीन अंशांच्याही खाली गेला आहे आणि द्राक्षबागाईतदारांनी रात्रभर बागांतून शेकोट्या पेटवल्या आहेत. त्या वाऱ्याचा निम्मा वाटा मनमाडच्या वाट्याला येतो. दिवाळीचे फराळाचे डबे रिकामे होईतो पहाटेच्या गाड्या कुरकुरू लागत.

म्हणून जुने ड्रायव्हर गाडी उतारावर उभी करीत. येवल्याच्या रस्त्याला अंकाईच्या अंगाने चढ-उतार आहेत. तिकडे मुक्काम पडला तर ड्रायव्हर आधी उतार हेरी, मग जेवणाची सोय पाही. पहाटे चाकाखालचा दगड काढायचा, गाडी चालती झाली की दुसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडायचा. पहिल्या गिअरात चाके घसरतात आणि हिसका बसतो. चौथ्यात इंजिन फिरायला जोर पुरत नाही. उतार नसला तर उतारूंनी उतरून धक्का द्यायचा. भाडे दिल्यावर गाडी ढकलावी का, यावर वाद होत. पण पोचायचे तर सर्वांनाच असे.

महायुद्ध आले आणि हेही सुख गेले. १९४१ मध्ये पेट्रोलवर नियंत्रण आले. १९४२ साली ब्रह्मदेश पडला आणि तिथल्या तेलविहिरी हातच्या गेल्या. सर्व्हिस मोटारींच्या पाठीला लोखंडी बंब लागले. या बंबात लोणारी कोळसा धुमसत ठेवायचा, हवा कमी द्यायची, म्हणजे जो गॅस निघतो तो गाळून, थंड करून इंजिनाला पाजायचा. त्या गाड्यांवर अण्णा ड्रायव्हर होते. निघण्याच्या अर्धा तास आधी क्लीनर बंब पेटवी आणि हातपंख्याचे चाक फिरवीत बसे. गॅस तयार झाला की नाही हे नळीच्या तोंडाशी काडी धरून पाहायचे: ज्योत स्थिर जळली तर तयार, भक्कन विझली तर अजून पंखा. या गॅसवर इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्शाने, कधी निम्म्याने कमी होई. चढावर उतारू खाली उतरत आणि गाडीच्या बरोबरीने गप्पा मारीत चालत. हा गॅस विषारी. बंद जागेत बंब पेटवून झोपलेला माणूस सकाळी उठत नसे. आणि बॅटरी? युद्धाच्या काळात नवी बॅटरी मिळणे म्हणजे सोने मिळण्यासारखे. असलेली बॅटरी ठिणगीपुरती राखून ठेवायची आणि सेल्फला हात लावायचा नाही, असा मालकांचा हुकूम असे. म्हणजे तीस वर्षांपूर्वी केटरिंगने ज्याला सुट्टी दिली तो हँडल मारणारा माणूस पुन्हा कामावर रुजू झाला.

१९४६ च्या थंडीत, स्टेशनाबाहेर, मालेगावची गाडी भरून उभी होती. रोज हँडल मारणारा क्लीनर तापाने फणफणला होता. अण्णा स्वतः पुढे गेले. कोळशाच्या गॅसला ठिणगी पेट्रोलपेक्षा आधी द्यावी लागते, म्हणून ठिणगीची वेळ पुढे ओढलेली होती. पहिल्या सुरुवातीला थोडे पेट्रोल द्यायचे तर ती मागे घ्यायला हवी. ती घ्यायची राहिली. घाईत हँडल वरून खाली दाबले गेले. अंगठा मात्र बरोबर जागी होता, म्हणून अंगठा वाचला. मनगट गेले. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड बसले, पण वाकडे बसले. ती गाडी मग दुसऱ्याच ड्रायव्हरने नेली. "अर्धा तास उशीर झाला," एवढीच त्या प्रसंगाविषयी अण्णांची तक्रार असे.

दोन वर्षांनी, १ जून १९४८ रोजी, पुण्याहून अहमदनगरला सरकारी एस.टी.ची पहिली गाडी धावली, आणि पाहता पाहता सर्व्हिस मोटारींचे दिवस संपले. अण्णांचे कित्येक सोबती खाकी कपडे चढवून एस.टी.त गेले. वाकड्या मनगटाने बसचे जड चाक पिळणे अण्णांना जमणारे नव्हते. त्यांनी अर्जही केला नाही. आईचे म्हणणे असे की अर्ज करायला काय हरकत होती. हा वाद मी जाणता झालो तेव्हाही चालूच होता.

त्यांनी स्टेशनाजवळच्या गल्लीत बॅटरी चार्जिंगचे दुकान काढले. माझे बालपण त्या दुकानात गेले. फळीवर ओळीने बॅटऱ्या मांडलेल्या, त्यांच्यावर खडूने गाडीचा नंबर नाहीतर गावाचे नाव; कोपऱ्यात रेक्टिफायरच्या मोठ्या बल्बाचा उजेड; आणि सगळीकडे नाकात झिणझिणणारा तो तेजाबी वास. अण्णांच्या प्रत्येक धोतराला भोके असत. बॅटऱ्या फक्त मोटारींच्याच नसत. वीज न पोचलेल्या खेड्यांतले रेडिओ बॅटरीवर चालत, आणि बाजाराच्या दिवशी कोणीतरी बॅटरी सायकलला बांधून आणी. तंबूच्या सिनेमावाल्यांची येई, तमाशाच्या ट्रकची येई. तमाशावाल्यांचे सारे घरच त्या ट्रकवर. त्यांची गाडी अडली तर पुढच्या गावची सुपारी बुडे, म्हणून त्यांची बॅटरी अण्णा रांग मोडून आधी लावीत. काचेच्या नळीत तेजाब ओढून आतला तरंगता काटा पाहायचा: बाराशे पन्नासच्या वर असला तर भरली, साडेअकराशेच्या खाली असला तर उतरली. आणि फळीवर विडी पेटवायला सक्त मनाई, कारण बॅटरी भरताना जो वायू निघतो तो ठिणगीने फुटतो. एकदा एका पाहुण्याने काडी ओढली आणि बॅटरीचे झाकण छताला लागले. पाहुणा वाचला, त्याचा कोट मात्र दुसऱ्या दिवशी चाळणी झाला.

पन्नाशीच्या आणि साठीच्या दशकांत रस्त्यांवर डिझेल आले. डिझेल इंजिनाला ठिणगीच लागत नाही. आतली हवा सोळा ते वीस पट दाबली जाते, त्या दाबाने पाचशे अंशांहून अधिक तापते आणि तेल तिच्यात शिंपडताच आपोआप पेटते. जुन्या डिझेल ट्रकला म्हणून बॅटरी अगदी मेलेली असली तरी धक्क्यावर सुरू होता येई. पण एवढ्या दाबाचे इंजिन हँडलने फिरवणे माणसाचे काम नव्हे, आणि सेल्फला शेकडो अँपिअर लागू लागले. धक्का द्यायला माणसे नसली तर ट्रकवाले एक अजब प्रकार करीत: मागचे एक चाक जॅकने उचलायचे, त्याला दोर गुंडाळायचा, गाडी वरच्या गिअरात टाकायची आणि दोर धरून पळत सुटायचे. भोवरा फिरवावा तसा ट्रक फिरवायचा! मी हा प्रकार लहानपणी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि जॅकवरून सटकलेला ट्रकही पाहिला आहे. तेव्हा तो कोणी करू नये.

१९६० च्या पुढे आणखी एक फरक पडत गेला, तो फारसा कोणाच्या ध्यानात आला नाही. पूर्वी बॅटरी भरण्यासाठी गाडीत डायनामो असे. त्याच्या लोखंडात थोडे चुंबकत्व मुरलेले राही, त्यामुळे बॅटरी पार मेलेली असली तरी इंजिन फिरताच तो वीज करू लागे. त्याच्या जागी अल्टरनेटर आला. तो अधिक वीज देतो, मंद इंजिनावरही देतो. पण त्याला जागे करायला आधी बॅटरीतूनच थोडी वीज द्यावी लागते. त्यावर अलीकडच्या इंजिनांना तेल सोडण्यासाठीही विजेचा मेंदू लागतो. म्हणजे उतार आणि धक्का ही गरिबाची विद्या उतरलेल्या बॅटरीला अजून थोडीफार उपयोगी पडते, मेलेल्या बॅटरीला नाही. स्वयंचलित गिअरच्या गाडीला तर धक्क्याचा काडीचा उपयोग नाही.

ही विद्या मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी उपयोगी पडली. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यानंतर बिछाना, स्वयंपाकाचा ओटा आणि फ्रीज आत असलेल्या मोटारी भाड्याने मिळतात असे मुलाने कुठेसे वाचले. नातवंडांना अंकाईचा किल्ला दाखवायचा होता, पायथ्याची जैन लेणी दाखवायची होती. डिसेंबरात आम्ही तसले एक फिरते घर घेऊन निघालो आणि पायथ्याशी, दुर्दैवाने अगदी सपाट जागी, मुक्काम केला. रात्री मौज झाली. सकाळी ड्रायव्हरने किल्ली फिरवली तर आतून नुसता टकटक आवाज. दिवे लागत होते, पण मिणमिणते.

असल्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात: एक इंजिनाची, दुसरी घराची. घरातले दिवे-पंखे रात्रभर चालले तरी इंजिनाची बॅटरी शाबूत राहावी, म्हणून ही सोय. मग ही उतरली कशी? बिछान्याखालची फळी काढून पाहिले. ज्या कोणी गाडी सजवली होती त्याने फ्रीजची तार घराच्या बॅटरीऐवजी इंजिनाच्या बॅटरीला जोडली होती. रात्रभर आमचे श्रीखंड थंड राहिले ते इंजिनाच्या जिवावर. घराची बॅटरी मात्र टुमटुमीत भरलेली.

ड्रायव्हर वारंवार किल्ली फिरवीत होता; त्याला आधी थांबवले. उतरलेल्या बॅटरीला दहा मिनिटे विसावा दिला तर ती थोडी सावरते. सारखे छेडले तर तेवढेही जाते. गावातून ट्रॅक्टर आणावा असे मुलाचे मत पडले. पण दोन बॅटऱ्या जोडायला लागते ती बोटाएवढी जाड तार. ती ना आमच्याजवळ होती ना ट्रॅक्टरवाल्याजवळ असेलच असे. पंपाची बारीक तार लावून सेल्फ मारला असता तर ती वितळली असती. तेव्हा मला दुकानातली फळी आठवली. अण्णा बॅटरी एकदम भरत नसत; पाच-सहा अँपिअरने, सावकाश. हिशेब अगदी साधा आहे. सेल्फ तीनशे अँपिअर खातो खरा, पण तीन सेकंद. म्हणजे नऊशे. पाच अँपिअरने तेवढेच भरायला तीन मिनिटे पुरतात; गळती, थंडी आणि बॅटरीचे म्हातारपण धरून अर्धा तास म्हणा. आणि पाच-सहा अँपिअर वाहणारी तार तर तिथे होतीच: तीच फ्रीजची! दोन्ही बॅटऱ्यांची ऋण बाजू गाडीच्या चासीलाच टेकलेली होती, ते दोनदा तपासले. फ्रीजकडचे तारेचे टोक सोडवले आणि घराच्या बॅटरीच्या धन बाजूला लावले. ज्या तारेने रात्री वीज पळवली तिनेच ती सकाळी परत आणावी असे ठरले. तारेत फ्यूज होता, तो टिकला. तार हाताला कोमट लागली, एवढेच.

अर्धा तास आम्ही चहा प्यालो. उन्हे इंजिनावर आली. मग ती तार सोडवली, नाहीतर सेल्फचा सारा ओढा तिच्यावर आला असता आणि फ्यूज गेला असता. दिवे, पंखा, रेडिओ सगळे बंद करायला लावले. क्लच पूर्ण दाबून धर म्हटले, म्हणजे गिअरबॉक्समधले थिजलेले तेल घुसळण्याचे काम तरी सेल्फवरून उतरेल. ड्रायव्हर पंचविशीतला, पोरगा हुशार. पण त्याने जन्मात हँडल पाहिलेले नव्हते. किल्ली फिरवली. एक फेरा कण्हत गेला, दुसरा त्याहून सावकाश, आणि तिसऱ्याला इंजिनाने घेतले.

धाकट्या नातवाने विचारले, "आजोबा, हे तुम्हाला कोणी शिकवले?" मी अण्णांचे सांगू लागलो, मनगटाचेही सांगितले. त्याने आपला अंगठा बोटांच्या बाजूला ठेवून मला दाखवला, बरोबर आहे का म्हणून. मग आम्ही किल्ला चढायला निघालो. ड्रायव्हरला बजावले, की आम्ही खाली येईतो इंजिन बंद करायचे नाही, आणि जवळपास कुठे उतार दिसतो का तेवढे पाहून ठेवायचे.